कांद्यापाठोपाठ कोलंबोला

परदेशात राहणारा माणूस फोनवर घरी फार थोडं सांगतो. जेवलो, बरंय, इकडे ऊन आहे, तुम्ही सांगा. बास. घरच्यांचे प्रश्न ठरलेले आणि आपली उत्तरंही ठरलेली. मग जे सांगायचं राहून जातं ते आत साठत जातं, आणि परत आल्यावर बाहेर पडायला लागलं की लोक म्हणतात, "अरे, हे कधी झालं? बोलला नाहीस कधी."

माझं तसंच झालंय. मी आता विंचूरला पॅकिंग शेडवर असतो, नाशिकच्या सिडकोतून रोज ये-जा करतो. सकाळी एका गाडीत आम्ही चौघं जातो. आडगाव नाक्याच्या पुढे कुणीतरी सहज विचारतं, काय हो, कोलंबोला एवढी वर्षं काय करत होता? आणि मग निफाड कधी मागे पडलं ते कळत नाही.

काम साधं होतं. आमची कंपनी कांदा बाहेर पाठवते. कोलंबोच्या बंदरात माल उतरला की बघायचा, खराब निघाला तर तिथल्या व्यापाऱ्याची समजूत घालायची. त्यासाठी दोन माणसं तिथे ठेवली होती. एक मी आणि दुसरे सोनवणे आप्पा. आप्पा सटाण्याकडचे, माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. मी कागद आणि बोलणी बघायचो, आप्पा माल बघायचे. स्वयंपाकही आप्पाच करायचे, कारण माझ्या हातचं एकदा खाल्ल्यावर त्यांनी मला पुन्हा गॅसजवळ येऊ दिलं नाही.

*

कोलंबोत बंदराला लागून पेट्टा नावाची बाजारपेठ आहे. एक गल्ली कांदा-बटाट्याची, एक सुक्या मासळीची, एक कापडाची, एक नुसत्या घड्याळांची. हातगाडीवाले ओरडत येतात. बाजूला झालात तर ठीक, नाहीतर गाडी अंगावर. आमचा माल घेणारे व्यापारी सेल्वम. त्यांना सगळे मुदलाली म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचे शेठ. तमिळ माणूस, कपाळाला विभूती, आणि इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. त्यामुळे आमचं पहिल्यापासून जमलं.

पहिल्याच दिवशी ते गिऱ्हाइकाला सांगताना ऐकलं, बॉम्बे अनियन आलाय, ताजा बॉम्बे अनियन. समोर आमची गोणी, गोणीवर ठळक अक्षरात नाशिक छापलेलं. मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की मुदलाली, बॉम्बेत कांद्याचं एक रोपसुद्धा उगवत नाही, हा नाशिकचा माल आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. नाशिक कुठे आलं, असं विचारलं. मी म्हटलं, मुंबईपासून चार तासांवर.

"मग बॉम्बेच झालं," मुदलाली म्हणाले.

तिथे मोठ्या कांद्याला पिढ्यान् पिढ्या बॉम्बे कांदाच म्हणतात. पूर्वी जहाज मुंबईहून यायचं, नाव चिकटलं ते चिकटलं. दोन-चार दिवसांत आमच्यावरही चिकटलं. सगळी गल्ली आम्हाला मोठा बॉम्बे आणि छोटा बॉम्बे म्हणायला लागली. मोठा बॉम्बे म्हणजे आप्पा. त्यांनी मुंबई पाहिली होती ती विमानतळाकडे जाताना, टॅक्सीच्या काचेतून.

*

पहिल्या रविवारी मी आप्पांना समुद्र दाखवायला गॉल फेसला नेलं. लांबच लांब मोकळं मैदान, पलीकडे समुद्र, आकाशात पतंग. संध्याकाळी अर्धं शहर तिथे येतं. डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी बसवून तळतात, त्याला इस्सो वडे म्हणतात, त्यासाठी रांगा लागतात. मी दोन घेतले. आप्पांनी त्यांच्यावरची कोळंबी उचलून माझ्या कागदात ठेवली आणि खालचा वडा खाल्ला.

मग कठड्यावर बसून ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आवडला समुद्र. उठताना म्हणाले,

"इतलं पानी शे, पन काय कामनं?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांच्या गावाला उन्हाळा लागला की टँकर येतो.

उजव्या हाताला समुद्रात भर घालून नवीन शहर उभं करत होते. क्रेन, वाळूचे ढीग, कुंपण. मी सांगितलं की आप्पा, तिथे आधी पाणीच होतं, वाळू टाकून जमीन केली. त्यांनी विचारलं, तिच्यात पेरणार काय? मी म्हटलं, काही नाही, बिल्डिंगा होतील, बँका येतील, मॉल येतील. आप्पांनी मान हलवली आणि विषय संपवला.

त्यानंतरही आम्ही दर रविवारी जायचो. पण आप्पा कठड्यावर उलटे बसायचे. समुद्राकडे पाठ आणि तोंड पतंगांकडे.

*

कोलंबोचं बंदर बघितलं तर डोकं चक्रावतं. डोंगरासारखे कंटेनर रचलेले. मुदलालींनी मला सांगितलं की ह्यातले बरेचसे ह्या देशासाठी नसतातच. एका जहाजातून उतरतात, थोडे दिवस थांबतात, दुसऱ्या जहाजात चढतात आणि निघून जातात. शहर ह्या चढउतारावरच जगतं.

आमचा एक कंटेनर असाच चुकून दुसऱ्या जहाजात चढला. कुठल्या कुठे गेला आणि फिरून परत आला तोवर महिना उलटून गेला होता. दार उघडल्यावर आत शेत होतं म्हणा ना. गोणीच्या जाळीतून सगळीकडून पात बाहेर आलेली, पिवळसर हिरवी, लांबच लांब. खालचा कांदा सडलेला, वास असा की हातगाडीवाल्यांनी तोंडाला फडकी बांधली. मी फोन काढून फोटो घ्यायला लागलो, कारण आता भांडण करायचं होतं.

आप्पा मात्र पुढे झाले, एक पात तोडली, नाकाला लावली. मग जवळच्या हातगाडीवाल्याला, त्याचं नाव फारूक, खुणेने सांगितलं की टोपली आण. दोघांनी चांगली चांगली पात निवडून काढली. दुपारी गोडाऊनच्या मागे शेगडी पेटली. तिकडे बेसन मिळतं, मोहरी मिळते. आप्पांनी पातीचा झुणका केला, मोठं पातेलं भरून. भाकरी नव्हती, तर लोकांनी पावाबरोबर खाल्ला, भाताबरोबर खाल्ला. मुदलालींनी दोनदा मागून घेतला. फारूकने बोटं चाटली आणि आप्पांना विचारलं की हा पदार्थ बॉम्बेत श्रीमंत लोक खातात का?

मी ते मराठीत आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "त्याला हो सांग."

त्यांनी स्वतः मात्र एकच घास खाल्ला. नंतर मी विचारलं तर म्हणाले, दुसरा घास घेतला असता तर उद्याच निघावंसं वाटलं असतं.

*

आम्ही राहायचो ते घर वेल्लवत्त्याला, समुद्राकडे जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत. मालकीण वरच्या मजल्यावर राहायची, सत्तरीच्या पुढची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा मेलबर्नला. गल्लीच्या टोकाला रेल्वे आणि रेल्वेच्या पलीकडे लगेच समुद्र. गाडी गेली की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची.

मुलाचा फोन रविवारी सकाळी यायचा. आंटींना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि फोनवर तर काहीच नाही. एकदा त्यांनी मला वर हाक मारली, म्हणाल्या, तो काय म्हणतो ते मला मोठ्याने सांग. मी सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा. मग ते माझं कामच झालं. तो म्हणायचा, औषध घेते का विचार. मी ओरडायचो, औषध घेता का? आंटी म्हणायच्या, त्याला सांग, तो स्वतः घेतो का?

हळूहळू असं झालं की आंटी दोन मिनिटं बोलायच्या आणि गॅसवर ठेवलेलं नारळाचं दूध बघायला आत निघून जायच्या. मुलगा फोन ठेवायचा नाही. समोरच्या घराला रंग दिला का, कोपऱ्यावरचा पाववाला आहे का अजून, असं मला विचारत राहायचा. मलाही बरं वाटायचं. रविवारी मला विचारणारं दुसरं तिथे कोण होतं?

एका रविवारी बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी म्हटलं, ठेवू का मग?

"थांब," तो म्हणाला. "साडेदहाची गाडी यायची आहे. फोन खिडकीजवळ धर."

मी धरला. गाडी आली आणि गेली. मग त्याने थँक यू म्हणून फोन ठेवला.

*

मधे एकदा मी सुट्टीवर नाशिकला आलो. दीड वर्षाने. फ्लाइट लवकर मिळाली, म्हणून घरी कळवलंच नाही, म्हटलं एकदम दारात उभं राहू. पाठीला बॅग, हातात चहाचे डबे आणि आंटींनी दिलेला गोड काजूचा पुडा.

बिल्डिंगच्या गेटवर नवीन वॉचमन होता. त्याने मला अडवलं. कोणाकडे जायचंय विचारलं. मी फ्लॅट नंबर सांगितला. तो म्हणाला, मॅडमना फोन करून विचारावं लागेल. मी म्हटलं, अरे बाबा, मी त्याच घरातला आहे. त्याने मला नीट पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, कानाला अजून विमानाचे दडे. म्हणाला, साहेब, त्या घरात मॅडम आणि दोन मुलं राहतात, मला माहीत आहे ना.

त्याची काही चूक नव्हती. मी म्हटलं, कर फोन.

"मॅडम, पाहुणे आलेत," तो म्हणाला.

पलीकडून बायकोचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ती म्हणत होती, "आत्ता? आम्ही बाहेर निघालोय. संध्याकाळी या म्हणावं."

वर गेल्यावर खूप हसलो सगळे. मुलांनी तर तो किस्सा बिल्डिंगभर केला. बायकोही हसली. मग चहा टाकताना तिने डब्यात चमचा घातला आणि थांबली. माझ्याकडे बघून विचारलं, "साखर किती घेता तुम्ही?"

*

परत गेलो आणि थोड्याच महिन्यांत इकडून कांद्याची निर्यात बंद झाली. असं अधूनमधून होतंच. पण ह्या वेळी लांबलं.

फारूक मला विचारायचा, नाशिकचा कांदा संपला का? मी म्हणायचो, नाही रे, शेतकऱ्यांच्या साठवणीच्या चाळी भरून पडलाय. मग आणत का नाही, असं तो विचारायचा. तिथे माल आहे, इथे लोक मागतायत, मधे दोन दिवसांचं पाणी. त्याला समजावून सांगायचा मी बरेचदा प्रयत्न केला. शेवटी तो म्हणाला, राहू दे, तुलाही नीट माहीत नाही.

काम काही नव्हतं. तरी मी आणि आप्पा रोज सकाळी आंघोळ करून पेट्ट्यात जायचो. मुदलालींनी दुसऱ्या देशातला कांदा आणला होता, मोठा, तपकिरी, पाणीदार. त्यांनी आम्हाला कधी येऊ नका म्हटलं नाही. उलट पंख्याखालची खुर्ची मला दिली. म्हणाले, कांदा येईल तेव्हा येईल, तुझी जागा इथेच आहे.

मी बसायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, मीच मालक. एकदा एक बाई आल्या, कांदा हातात घेऊन मला विचारलं, हा बॉम्बे कांदाच ना? मुदलाली माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, नाही. बाईंनी कांदा ठेवला आणि समोरच्या दुकानात गेल्या. समोरच्याकडेही तोच माल होता, पण तो हो म्हणाला असणार.

मुदलाली रागावले नाहीत. चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी माणसाकरवी माझी खुर्ची उचलून दुकानाच्या आत, गोण्यांच्या मागे नेऊन ठेवली.

"पंखा इथेही आहे," ते म्हणाले. "खरं इथे बसून बोल."

*

त्याच काळात आप्पांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. काम नव्हतंच, कंपनीने लगेच सुट्टी दिली. पण पासपोर्ट व्हिसा वाढवायला गेला होता आणि एजंटाने कागद उशिरा भरले होते. आज मिळेल, उद्या मिळेल करता करता हळद लागली तरी मिळाला नाही. मी एजंटाच्या दारात जाऊन बसलो, मुदलालींनी ओळखी लावल्या, काही उपयोग झाला नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी आप्पांनी पांढरा शर्ट घातला, टोपी घातली आणि रोजच्यासारखे पेट्ट्यात आले.

मुदलालींनी गोडाऊनमध्ये गोण्यांच्या थप्पीवर एक स्वच्छ चादर अंथरून ठेवली होती. त्यावर माझा फोन उभा केला. मुलीच्या मामाने तिकडून व्हिडिओ लावला. मांडव दिसला, माणसं दिसली, नवरी मान खाली घालून उभी. आप्पा फोनसमोर उभे राहिले. मागे मी, मुदलाली, त्यांची बायको घरून आलेली, फारूक आणि त्याच्या गाडीवरचे सगळे. मुदलालींच्या बायकोने जास्वंदीची फुलं आणली होती. अक्षतांना मी कोपऱ्यावरून तांदूळ आणले. तिकडचा साधा तांदूळ लालच असतो, त्यामुळे कुंकू लावायची गरज पडली नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. आवाज यायचा, तुटायचा, पुन्हा यायचा. फारूकने मला विचारलं, कधी टाकायचे? मी सांगितलं, सावधान म्हटलं की टाक. त्याने तो शब्द तोंडात घोळवून ठेवला. आणि ऐन शेवटच्या कडव्याला चित्र गोठलं. अंतरपाट धरलेला, भटजींचं तोंड उघडं, सगळे तसेच थांबले. आम्हीही मुठीत तांदूळ घेऊन थांबलो. आप्पांनी फोनकडे बोट नेलं आणि परत घेतलं, हात लावला तर बंद पडेल अशी भीती.

मग एकदम चित्र आलं. अंतरपाट नव्हता. मुलीच्या गळ्यात हार होता आणि लोक जेवायला उठत होते.

तेवढ्यात फारूक मोठ्याने "सावधान" म्हणाला आणि त्याने मूठभर तांदूळ फोनवर टाकले. मग मुदलालींनी टाकले, त्यांच्या बायकोने टाकले, सगळ्यांनी टाकले. आप्पांनी सगळ्यांच्या शेवटी टाकले, अगदी हळू, मुलीच्या डोक्यावर टाकावेत तसे. मुलीला तिकडे कोणीतरी फोन दिला असणार, ती समोर आली. काही बोलली, पण आवाज आला नाही. आप्पा नुसते मान हलवत होते.

फोन बंद झाल्यावर मुदलालींनी सगळ्यांना केळीच्या पानावर जेवण दिलं. आप्पा प्रत्येकाच्या पानापाशी जाऊन, हात जोडून, सावकाश होऊ द्या म्हणत होते, मराठीत. मुलीच्या बापाने म्हणायचं असतं तसं.

पासपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. आप्पा गेले ते परत आले नाहीत.

*

पुढे निर्यात सुरू झाली, पण कंपनीने दुसरा माणूस पाठवला नाही. मी एकटाच राहिलो. दिवसभर इंग्रजी, थोडं तमिळ, थोडं सिंहली, बाजारापुरतं. मराठी फोनवर, आणि फोनवर काय बोलतो ते मघाशी सांगितलंच. कधीकधी आंघोळ करताना मी आपला मोठ्याने काहीतरी म्हणायचो. भाजीचे भाव, सिडकोतल्या स्टॉपची नावं. नुसता आवाज ऐकायला.

एका संध्याकाळी गॉल फेसला एकटाच बसलो होतो. पायात रबरी चपला, हातात छत्री, तिथल्या कोणाही माणसासारखा. शेजारून चौघांचं कुटुंब गेलं आणि बाई म्हणाल्या, "अगदी गंगेवर बसल्यासारखा वारा आहे हो."

गोदावरीला गंगा म्हणणारी माणसं आपल्याकडचीच. मी उठलो आणि त्यांच्या मागे चालायला लागलो. बोलायचं होतं असं नाही. ऐकायचं होतं. नवरा, बायको, म्हातारी आई आणि सात-आठ वर्षांची मुलगी. आईंचे गुडघे दुखत होते. बायकोचं म्हणणं, घरी गेल्यावर दळण आणावं लागेल. नवरा म्हणत होता, आता इथे तरी दळण नको. मी चार पावलं मागे. ते थांबले की मी थांबायचो.

बाईंच्या ते लक्षात आलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हा माणूस मघापासून मागे मागे येतोय. पर्स घ्या तुमच्याकडे."

नवरा वळला आणि मला रिक्षावाला समजून इंग्रजीत म्हणाला, नो टुकटुक, थँक यू.

"सॉरी, सर," मी म्हटलं. तोंडातून तेच आलं.

ते जायला निघाले. पण आईंना भूक लागली असावी, कारण तो पुन्हा वळला आणि थोडं ओशाळून विचारलं, इथे जवळ व्हेजिटेरियन मिळेल का? मी इंग्रजीतच सांगितलं. वेल्लवत्त्याला चांगलं हॉटेल आहे, डोसा मिळेल, भात मिळेल, तिखट कमी करायला सांगा, टुकटुकवाला मीटर टाकतो का ते आधी बघा. मी स्वतः एक रिक्षा थांबवली, सिंहलीत भाव ठरवला, आईंना हात देऊन बसवलं. आईंनी बसताना माझ्या हातावर हात ठेवला आणि सुनेला म्हणाल्या, "किती चांगली माणसं आहेत गं इथली. आपल्याकडे कोणी करेल का एवढं?"

"आर यू फ्रॉम हियर?" नवऱ्याने विचारलं.

"येस," मी म्हटलं.

रिक्षा निघणार तेवढ्यात मुलीने पिशवीतून कागदाचा पुडा काढला आणि माझ्या हातावर मूठभर ओतलं. घरचा, पातळ पोह्यांचा, कढीपत्ता आणि खोबऱ्याचे काप घातलेला. बाई म्हणाल्या, इंडियन स्नॅक, लिटल स्पायसी. मी एक घास खाल्ला.

"व्हॉट इज इट कॉल्ड?" मी मुलीला विचारलं.

"चिवडा."

"चिव्-दा?"

"नो, नो," ती रिक्षातून बाहेर वाकली आणि एकेक अक्षर तोडून म्हणाली, "चि-व-डा."

"चिवडा," मी म्हटलं.

"करेक्ट," ती म्हणाली.